शेजाऱ्याला बसता यावं म्हणून

चिनी जेवणातून डुक्कर वजा केलं तर उरतं काय, असा सवाल सिंगापुरातले जुने खवय्ये अजूनही करतात. हा सवाल उगाच केलेला नाही. दक्षिण चीनमधून आलेल्या लोकांच्या स्वयंपाकात डुकराचं मांस हा निव्वळ एक पदार्थ नसतो. हाडं उकळून सुपाचा रस्सा काढायचा, चरबी वितळवून तिच्यात नूडल्स परतायच्या, त्याच चरबीचे कुरकुरीत तुकडे वरून भुरभुरायचे, मांसाला गोडसर मसाला चोळून, भाजून ‘चार सिऊ’ करायचं, आतडी, यकृत, कान यांतलं काहीही वाया घालवायचं नाही. वर शाओशिंगची तांदळाची दारू चमचाभर, माशाचा वास मारायला. एवढं सगळं काढून टाकल्यावरही जे ताट समोर येतं ते चिनीच असतं का? हे पुस्तक त्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते उत्तर मी सिंगापूरच्या कोपीटियाममध्ये, म्हणजे वसाहतीतल्या इमारतीखालच्या कॉफीच्या दुकानात बसून शोधलं आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न आधी नीट समजावून सांगावा लागतो, कारण आपल्या ‘चायनीज’मध्ये डुक्कर जवळपास नव्हतंच. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मांचुरियन बनवलं असं सांगितलं जातं. तेव्हापासून दादरच्या गाडीपासून नाशिकच्या ढाब्यापर्यंत जे चायनीज पसरलं ते कोंबडीचं, कोबीचं आणि पनीरचं. त्यामुळे हलाल चिनी जेवण समोर आलं की आपल्या माणसाला काही वेगळं जाणवत नाही. तो म्हणतो, बरं आहे, तिखट थोडं कमी आहे. त्या ताटामागची मेहनत त्याला दिसत नाही, कारण काय काढलं हे त्याला माहीतच नसतं. म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवून लिहीत आहे.

आधी दुकानाबद्दल. सिंगापूर आणि मलायात चिनी लोक आले ते एका गावचे नव्हते. होक्किएन, तिओच्यू, कँटनी, हक्का यांनी व्यापार, गोदी, कथिलाच्या खाणी आणि मळे आधीच धरले होते. हायनान बेटावरचे लोक उशिरा पोचले. चांगले धंदे वाटले गेले होते, तेव्हा त्यांना मिळाली ती इंग्रजांच्या बंगल्यांत, हॉटेलांत आणि जहाजांवर स्वयंपाक्याची, वाढप्याची नोकरी. तिथे ते टोस्ट भाजायला, कॉफी करायला, अंडं हवं तेवढंच उकडायला शिकले. पुढे साहेबांची घरं सुटली तेव्हा त्याच शिदोरीवर त्यांनी कोपऱ्यावर दुकानं थाटली. संगमरवरी गोल टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि जाड पांढऱ्या चिनी मातीचे, हिरवी फुलं काढलेले कप. किलिनी रस्त्यावरचं असं एक दुकान 1919 सालचं आहे आणि आजही तिथे सकाळी जागा शोधावी लागते.

इथली कॉफी आपल्या फिल्टर कॉफीची लांबची बहीणही नाही. दाणे रोबस्टाचे, आणि ते साखर व मार्गारीन घालून भाजलेले, त्यामुळे रंग डांबरासारखा आणि वास जळलेल्या साखरेचा. भरड दळलेली पूड लांब दांड्याच्या कापडी पिशवीत टाकायची. त्या पिशवीला सगळे ‘सॉक’च म्हणतात आणि ती दिसतेही तशीच. लांब चोचीच्या किटलीतून उकळतं पाणी ओतायचं, पिशवी एका भांड्यातून दुसऱ्यात उचलायची, पुन्हा ओतायचं. कपाच्या तळाशी कन्डेन्स्ड मिल्कचा बोटभर थर, त्यावर ही काळी धार. नुसतं ‘कोपी’ म्हटलं की हे मिळतं. ‘कोपी ओ’ म्हणजे दूध नाही, साखर आहे. ‘कोसोंग’ म्हटलं की साखरही नाही. ‘सी’ म्हणजे कन्डेन्स्डऐवजी आटवलेलं बिनसाखरेचं दूध आणि ‘सिऊ दाय’ म्हणजे गोड कमी. मलय, होक्किएन आणि इतरही भाषांचे तुकडे एका वाक्यात येतात. मागणारा तमिळ असतो, देणारा चिनी किंवा अलीकडे चीनमधूनच आलेला नवखा कामगार. कोणालाच काही वावगं वाटत नाही.

दुकानाची रचना समजली की पुढचं समजतं. कोपीटियामचा चालक स्वतः बहुतेक वेळा फक्त पेयांचा ठेला चालवतो. बाकीचे ठेले तो भाड्याने देतो: एक नूडल्सवाला, एक भात-भाज्यांचा, एक ‘झी चार’ म्हणजे मागाल ते कढईत परतून देणारा, आणि एखादा मुस्लिम ठेला, जिथे रोटी पराठा किंवा नासी पदांग म्हणजे भात आणि सोबत मसालेदार कालवणं मिळतात. टेबलं सगळ्यांची सामाईक. यातच मेख आहे. टेबल सामाईक असलं तरी ताट सामाईक नसतं, आणि मुस्लिम गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं त्या एकाच ठेल्यापुरतं जेवण उपलब्ध होतं. बाकीच्या ठेल्यांवरून येणारा लसणाचा, आल्याचा, सोया सॉसचा वास त्याच्यासाठी नुसताच वास होता.

हे चित्र बदललं ते राहण्याच्या पद्धतीमुळे. 1960 साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने, म्हणजे एचडीबीने, झोपड्या आणि कांपोंग, म्हणजे जुनी खेडी, उठवून उंच इमारती उभ्या केल्या. आज दहातले जवळजवळ आठ रहिवासी त्या इमारतींत राहतात. 1964 च्या चिनी-मलय दंगलींची आठवण सरकारच्या मनातून कधी गेली नाही. 1989 मध्ये त्यांनी नियमच केला की प्रत्येक इमारतीत आणि वसाहतीत चिनी, मलय, भारतीय यांची कमाल मर्यादा ठरलेली राहील, म्हणजे कोणाचाही वेगळा मोहल्ला तयार होणार नाही. त्या नियमावर टीका करायला जागा आहे. घर विकताना ठरावीक वंशाचंच गिऱ्हाईक शोधावं लागतं आणि त्याचा फटका अल्पसंख्याकांना जास्त बसतो. पण जेवणाच्या अंगाने पाहिलं तर त्याचा परिणाम उघड आहे. लिफ्टमधून खाली उतरणारं कुटुंब चिनी असेल, शेजारचं मलय असेल आणि दोघांना गाठायचं आहे ते खालचं एकच कॉफीचं दुकान. 2020 च्या जनगणनेत चिनी 74.3 टक्के, मलय 13.5 टक्के, भारतीय 9 टक्के. आणि 15 वर्षांवरच्या रहिवाशांत मुस्लिम 15.6 टक्के. दुकानदाराच्या हिशोबात मात्र हा आकडा याहून मोठा असतो. कचेरीतल्या सहा जणांच्या टोळक्यात एक मुस्लिम असला की सहाही जण हलाल दुकानाकडे वळतात.

मग हलाल म्हणजे नेमकं काय करायचं? इथे आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. डुक्कर नाही म्हणजे हलाल झालं, असं नाही. कोंबडी आणि गाय-बैल योग्य पद्धतीने कापलेले हवेत. दारू स्वयंपाकातही नको, म्हणजे शाओशिंग गेली, जपानी मिरीन गेलं, फिश सुपात शेवटी घालतात तो ब्रँडीचा शिडकावाही गेला. ऑयस्टर सॉस, जिलेटिन, सॉसेज, माशाचे गोळे, प्रत्येक बाटली आणि प्रत्येक पाकीट तपासायचं. आणि भांडी. जी कढई आधी डुकराला लागली ती नुसती साबणाने घासून चालत नाही. शाफई पंथाच्या रीतीनुसार ती सात वेळा धुवायची, त्यांतलं एक धुणं मातीच्या पाण्याचं. मलय मुस्लिम शाफई आहेत. आपल्या कोकणातले मुसलमानही शाफई आहेत, हे रत्नागिरी-रायगडच्या वाचकाला ठाऊक असेलच. अरबी समुद्रावरच्या व्यापाऱ्यांनी जी रीत दाभोळ-चौलच्या किनाऱ्यावर पोचवली तीच पुढे मलाक्क्याच्या सामुद्रधुनीपर्यंत रुजली. सिंगापूरची इस्लामी परिषद, ‘मुईस’, 1978 पासून हलाल प्रमाणपत्र देते. ते ठरावीक मुदतीचं आणि त्या ठेल्यापुरतंच असतं, आणि त्यासाठी ठेल्यावर मुस्लिम माणूस कामाला असावा लागतो. चिनी मालकाने हे सगळं पत्करायचं म्हणजे पुरवठादार बदलणं, कढया बदलणं, माणसं बदलणं, आणि वडिलांनी शिकवलेली पाककृती पुन्हा शून्यापासून बांधणं.

काही पदार्थांना याचा काहीच त्रास होत नाही. हायनानी चिकन राइस हा त्यांतला राजा. आख्खी कोंबडी उकळी फुटू न देता गरम पाण्यात शिजवायची, मग सरळ बर्फाच्या पाण्यात बुडवायची. कातडी आकसते, तिच्याखाली जेलीचा पातळ थर धरतो आणि मांस ओलसर राहतं. कोंबडीच्या चरबीत लसूण, आलं परतून त्यात तांदूळ, पंदनचं पान आणि त्याच कोंबडीचा रस्सा. खाणाऱ्याचं लक्ष कोंबडीकडे असतं, पण आचाऱ्याची परीक्षा भाताच्या दाण्यावर होते. दाणा तुपकट दिसला पाहिजे आणि बोटाला चिकटता कामा नये. या पदार्थात डुक्कर मुळातच नाही, म्हणून मलय ठेल्यांनीही तो कधीच आपला केला. तीच गोष्ट योंग ताउ फूची. हक्का लोक टोफूत डुकराचा खिमा भरत, सिंगापुरात तो बहुतेक ठिकाणी माशाच्या गोळ्याने भरला जातो. भेंडी, कारली, मिरच्या अशा पोटात गोळा भरलेल्या भाज्या काउंटरवर मांडलेल्या असतात, आपण वाडग्यात निवडून द्यायच्या, ते उकळून देतात.

समुद्रातल्या पदार्थांच्या बाबतीत हलाल चिनी ठेल्याचं नशीब थोर आहे. हनफी पंथात कोळंबीवर मतभेद आहेत, शाफई पंथात समुद्रातलं जवळजवळ सगळं चालतं. त्यामुळे झी चारचा निम्मा फळा जसाच्या तसा वापरता येतो: चिली क्रॅब, सांबाल या मिरचीच्या वाटणातली कांगकोंगची पालेभाजी, खारवलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकातले माकुळ. माझी आवडती सीरियल प्रॉन्स. कोळंबी सालासकट तळायची, मग लोण्यात हिरवी मिरची आणि मूठभर कढीपत्ता तडतडवायचा, त्यात नाश्त्याच्या गोडसर ओटचा चुरा घालून कोळंबी घोळवायची. दूध-लोणी इंग्रजांकडून, कढीपत्ता तमिळांकडून, कढई चिनी. कढीपत्त्याची ती फोडणी ऐकली की कोकणातल्या माणसाला आपण कुठे बसलो आहोत याचा क्षणभर विसर पडतो.

काही पदार्थांत मात्र नुकसान होतं, आणि ते कबूल न करणारं पुस्तक मला लिहायचं नव्हतं. चार क्वे तिआओ घ्या. रुंद तांदळाच्या पट्ट्या, गोड काळा सोया सॉस, अंडं, मोड, शिंपले, आणि हे सगळं डुकराच्या चरबीवर, चरबीच्या खरपूस तुकड्यांसह आणि चिनी सॉसेजसह. चरबी काढली की एक जडपणा जातो, जो तेलाने येत नाही. पूर्वेकडच्या एका वसाहतीत मी एका आंटीच्या ठेल्यासमोर उभा राहून हे पाहिलं आहे. (सिंगापुरात ठेल्यावरच्या बाईला आंटी आणि पुरुषाला अंकलच म्हणतात.) तिने कढई इतकी तापवली की कडेला तेल पेटलं. आधी कोंबडीच्या कातडीचं तेल, त्यात लसूण. मग पट्ट्या टाकून त्या कढईला दाबून धरल्या, करपायच्या बेताला येईपर्यंत हलवल्या नाहीत. मग सॉस कडेने, पट्ट्यांवर न ओतता थेट तापलेल्या लोखंडावर, की तो तिथेच जळून धूर व्हावा. शिंपले सगळ्यात शेवटी, जेमतेम दहा सेकंद. ती म्हणाली, चरबी होती तेव्हा हात ढिला चालायचा, आता आगीवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. तिच्या ताटात चरबीचा स्वाद नव्हता. पण लोखंडाचा, धुराचा आणि शिंपल्याच्या खाऱ्या रसाचा स्वाद इतका स्पष्ट मी दुसरीकडे चाखलेला नाही. कोंबडीच्या चार सिऊबद्दल मात्र मी इतकं चांगलं बोलू शकत नाही. मांडीचं मांस घेतलं तर ठीक, छातीचं घेतलं तर ते गोड मसाल्यातलं कोरडं लाकूड होतं, आणि बरेच ठेले स्वस्त पडतं म्हणून छातीचंच घेतात.

हलाल चिनी स्वयंपाक ही सिंगापूरची अलीकडची तडजोड आहे, असंही समजू नये. चीनमध्येच हुई मुस्लिमांची संख्या कोटीच्या घरात आहे, आणि लान्चौच्या हाताने ओढलेल्या, गोमांसाच्या रश्श्यातल्या नूडल्स त्यांच्याच. शिआनची मशीद पॅगोडासारखी दिसते. 1405 ते 1433 या काळात सात समुद्रसफरी करून मलाक्का आणि कालिकतला आलेला सरदार झेंग ह युन्नानमधल्या मुस्लिम घरात जन्मला होता. डुकराशिवाय चिनी स्वयंपाक शतकानुशतकं चालत आला आहे. सिंगापुरात मात्र चिनी म्हणून आले ते दक्षिणेकडचे, डुक्कर खाणारे. त्यामुळे उत्तरेची ही परंपरा इथे उशिरा, बऱ्याच अंशी गेल्या काही दशकांत, लान्चौ नूडल्सच्या रूपाने पोचली.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. जुने लोक सांगतात की पूर्वी मलय शेजारी चिनी दुकानात येऊन निर्धास्त कॉफी प्यायचे, कप कोणाचा हे विचारायचे नाहीत. प्रमाणपत्र आलं, हिरवा शिक्का आला, आणि शिक्का नसलेल्या टेबलावर बसायला लोक बिचकू लागले. ज्या रेषेने जवळ आणायचं तिनेच दूर नेलं, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य आहे. तरी मी त्या बाजूला झुकत नाही. त्या निर्धास्तपणात मलय माणूस फक्त कॉफी पीत होता, जेवण त्याला मिळत नव्हतं, आणि पंक्तीत बसून उपाशी राहणाऱ्याला आपण सामील झालो असं वाटत नाही. मुंबईत जैन पावभाजी निघाली तेव्हा कांदा-बटाट्याशिवाय ती पावभाजी कसली, असं म्हणणारे होतेच. पण तिच्यामुळे एकाच टेबलावर बसणारी माणसं वाढली, आणि मूळ पावभाजीचं काही बिघडलं नाही. कोपीटियाममध्येही तसंच आहे. बाक कुत तेहचा, म्हणजे डुकराच्या बरगड्यांच्या सुपाचा, ठेला बंद पडलेला नाही. फक्त पलीकडे आणखी एक कढई तापते आहे.

मलेशियाचं चित्र वेगळं आहे आणि या पुस्तकात ते थोडक्यातच आलं आहे. तिथे मुस्लिम बहुसंख्य. पेनांग-इपोहमधली जुनी चिनी कोपीटियाम बहुतेक बिगरहलालच राहिली, आणि गेल्या वीस-एक वर्षांत वातानुकूलित साखळी दुकानांनी हलाल प्रमाणपत्र घेऊन मलय तरुणांना काया टोस्ट (नारळ-अंड्याचा गोड जॅम लावलेला) आणि अर्धकच्च्या अंड्यांची गोडी लावली. ती दुकानं चकचकीत आहेत, पण वसाहतीची नाहीत. म्हणून मी सिंगापुरावरच थांबलो.

सिंगापुरात मराठी माणसं बरीच आहेत, आणि दरवर्षी फिरायला येणारी त्याहून जास्त. त्यांच्यासाठी काही सूचना इथेच देतो, कारण पुढच्या प्रकरणांत त्या पुन्हा पुन्हा येणार नाहीत. ‘नो पोर्क, नो लार्ड’ अशी पाटी म्हणजे हलाल नव्हे. तिथे मांस कसं कापलं आणि दारू वापरली का, याबद्दल ती पाटी गप्प असते. मुस्लिम सोबती बरोबर असेल तर प्रमाणपत्र पाहा. ठेलेवाले ते दर्शनी लावतात आणि विचारल्याचा त्यांना राग येत नाही. हलाल म्हणजे शाकाहारीही नव्हे: सांबालमध्ये कोळंबीचं बेलाचान असतं, पालेभाजीत ऑयस्टर सॉस असतो, रश्श्यात सुकी मासळी असते. शाकाहारी असाल तर बौद्धांचा शाकाहारी चिनी ठेला शोधा, तो अनेक कोपीटियाममध्ये असतो. गोमांस टाळायचं असेल तर स्पष्ट सांगा. करुणेची देवी कुआन यिन हिला मानणारे कितीतरी चिनी लोकही गोमांस खात नाहीत, त्यामुळे ठेल्यावर ही विनंती नवी नसते. टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट दिसलं तर ती जागा धरलेली आहे, उचलू नका.

आणि शेवटची विनंती. 2022 पासून कॉफीच्या दुकानांतही जेवलेलं ताट स्वतः परत ठेवणं सक्तीचं आहे. मिश्र दुकानांत ताट ठेवायची हलालची आणि बिगरहलालची मांडणी वेगवेगळी असते. घाईत चुकीच्या मांडणीवर ठेवलेलं एक ताट म्हणजे त्या मुस्लिम ठेलेवाल्याची भांडी पुन्हा रीतीप्रमाणे धुणं आणि त्याच्या गिऱ्हाइकांचा विश्वास पणाला लागणं. पाटी वाचा आणि ताट योग्य जागीच ठेवा.